दुसऱ्यांदा विचारायचं नाही

ऑस्टाड, मिनेसोटा
रविवार, सकाळी

प्रिय जोलीन,

तुझं घर माझ्यापासून चार गल्ल्यांवर, आणि मी तुला पत्र लिहितेय. तू आधी पाकीट उलटंसुलटं करून बघत बसशील. बघ. मी समोर आले की तू कॉफी ठेवतेस, वड्यांचा डबा काढतेस, आमच्या लिरॉयच्या गुडघ्याची चौकशी करतेस, आणि मी जे बोलायला आलेली असते ते राहूनच जातं. गेल्या आठवड्यात दोनदा असं झालं. म्हणून हा कागद. आज मी चर्चलाही गेले नाही. लिरॉयला सांगितलं, डोकं दुखतंय. तो एकटाच गेला, बरं झालं. चर्चच्या त्या तळघराच्या पायऱ्या उतरायच्या म्हटलं तरी मला शिसारी येते.

शनिवारचं जेवण. तुझ्या उपचारांचे पैसे जमवायला गावानं घातलेलं स्पॅगेटीचं जेवण. सगळे म्हणतायत, काय छान झालं, ऑस्टाड ते ऑस्टाड. मला विचारशील तर किळस आली. तीन आठवडे तुझा फोटो पैसे टाकायच्या कॉफीच्या रिकाम्या डब्यांवर चिकटवून पेट्रोल पंपावर, वाण्याकडे, न्हाव्याकडे ठेवला होता, हरवलेल्या कुत्र्यांचे लावतात तसा. आणि शनिवारी तू केस गेल्यापासूनची ती निळी लोकरी टोपी घालून तळघराच्या दारात उभी. येणाऱ्या प्रत्येकाला थँक्यू, थँक्यू, थँक्यू. ज्यांची पोरं बाकीचे शिक्षक वर्गात घ्यायला कुरकुरतात, ज्यांना तू सतरा वर्षं एकेक करून नाव लिहायला आणि बुटाच्या नाड्या बांधायला शिकवलंस, त्यांना तू थँक्यू म्हणत होतीस. पाय सुजलेले असताना, दीड तास. मी खुर्ची आणली तर बसली नाहीस. बसलं तर लोक काय म्हणतील, हो ना? आणि ते म्हणालेच असते.

एव्हिस तर तुझ्या पायांकडेच बघत होती. त्या स्वयंपाकघरात तिच्या परवानगीशिवाय चमचा हलत नाही, ते एक ठीक. पण सॉस ढवळता ढवळता सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणते, 'नवे बूट दिसतात जोलीनचे. बरं आहे बाई, आम्ही अजून मागच्या सालचेच ओढतोय.' मी म्हटलं, जुन्या कपड्यांच्या दुकानातले आहेत, आठ डॉलरचे. 'अगं, मी आपलं सहज म्हटलं.' सहज! या बायकांचं सहज म्हणजे सुई टोचून वर हसायचं. हिचीच तीन नातवंडं सरकारी खर्चानं शाळेत जेवत होती, सगळ्याच मुलांना फुकट व्हायच्या कितीतरी आधीपासून. ते अर्ज कोणाच्या टेबलावरून जायचे? माझ्या. एकतीस वर्षं शाळांच्या कचेरीत बसून मला या गावातली प्रत्येक चूल ठाऊक झालीय, आणि एकतीस वर्षं मी तोंड उघडलं नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हीच या गावाची खरी प्रार्थना, बाकीची नुसती रविवारी म्हणायची.

मग ड्वेनचं भाषण. ट्रॅक्टरच्या दुकानाचा मालक, पोट पुढे, माईक हातात. 'मंडळी, याला म्हणतात मदत! वॉशिंग्टनचा एक डॉलर नाही. एकाचं कर्ज दुसऱ्याच्या गळ्यात नाही. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला दिलं!' टाळ्या. साथीच्या वर्षी सरकारनं त्याच्या दुकानाला कर्ज दिलं आणि मग सबंध माफ केलं. कोणाकोणाचं माफ झालं ती यादी सगळ्या गावानं वाचली आणि वाचून गप्प बसलं. मी एकदा सकाळच्या कॉफीला त्याला चिमटा काढला, तर म्हणतो, 'ते वेगळं, मार्लिस. ते कर्ज नव्हतंच, तो आधार होता.' घ्या! त्याचा तो आधार, आणि दुसऱ्याचा तो कर्जबुडवेपणा. लहान मुलं असलेल्या घरांना दरमहा चेक येत होते, तेव्हा हाच कॅफेत ओरडायचा, 'आता या बाया कामाला कशाला येतील, घरी बसून नखं रंगवतील.' त्याच्या सुनेलाही येत होता की तो चेक. तिनं त्यातून पोरीच्या दातांना तारा बसवल्या. चांगलंच केलं. पण मग तसं बोल ना, मेल्या! उचलली जीभ लावली टाळ्याला.

आणि शेवटी तुझ्या लिंबाच्या वड्या. स्वतःच्याच मदतीच्या जेवणाला वड्या करून आणणारी जगात तू एकटीच असशील. तर ट्रेमध्ये शेवटची वडी उरली आणि आपलं ते नेहमीचं सुरू झालं. एकीनं अर्धी कापून घेतली, दुसरीनं अर्ध्यातली अर्धी, तिसरीनं त्यातली अर्धी. राहता राहिला नखाएवढा तुकडा, आणि तो उचलायला कोणी तयार नाही. आईनं आपल्याला हाच शहाणपणा शिकवला होता. शेवटचं घ्यायचं नाही. कोणी दिलं तर दोनदा नको म्हणायचं. आणि एकदा विचारून मिळालं नाही, तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही, दुसऱ्यांदा विचारलं की ती भीक. शनिवारी तो तुकडा बघितला आणि मी सगळा ट्रे कचऱ्यात खरवडून टाकला. एव्हिस 'अगं, अगं, काय करतेस!' करत राहिली.

आता तुझ्या कर्जाचं. तू म्हणशील, ते कशाला उकरतेस, झालं गेलं. थांब. छत्तिसाव्या वर्षी, घटस्फोटानंतर, टर्कीच्या कारखान्यातली नोकरी सोडून तू शिक्षिका व्हायला कॉलेजात गेलीस. त्या सरकारी कर्जाचे हप्ते अजून भरतेस, महिन्याला चारशे बारा डॉलर. दहा वर्षं सरकारी शाळेत शिकवलं आणि हप्ते भरले की उरलेलं माफ, असा कायदा. पण तुझे हप्ते भलत्याच योजनेत भरले जातायत म्हणून धरलेच नव्हते, आणि हे तुला कोणी सांगितलंही नव्हतं. मग एका वर्षापुरतं सरकारनं दार उघडलं. ऑक्टोबर संपायच्या आत शाळेच्या कचेरीची सही घेऊन कागद पाठवा, मागचं सगळं धरू. तुझी तेव्हा चौदा वर्षं भरली होती. तुझा कागद दोन आठवडे उशिरा पोचला. दार बंद. तू एवढंच म्हणालीस, 'जाऊ दे, माझ्या नशिबात नव्हतं.' नशिबात!

खरं सांगू? मला त्या वर्षी ती माफी मुळीच पटली नव्हती. आमच्या लेकीच्या, करीच्या कॉलेजासाठी आम्ही एक पैसा कर्ज काढलं नाही. लिरॉय दर पानगळीत बारा बारा तास बीटाचे ट्रक चालवायचा, कमरेला पट्टा बांधून. नऊ वर्षं आम्ही कुठं सुट्टीला गेलो नाही. न्हाणीघराचं छत गळायचं, तिथं बादली ठेवली होती. शेवटची फी भरली त्या दिवशी लिरॉयनं केक आणला आणि तो खाता खाता खुर्चीतच झोपला. आणि आता ज्यांनी घेतलं ते सुटणार, आणि ज्यांनी हाडं झिजवली त्यांनी टाळ्या वाजवायच्या? हे माझ्या डोक्यात असं बसलं होतं की निघता निघेना. एका सकाळी कॅफेत सगळे हाच विषय चघळत होते, आणि मी म्हटलं, 'आता माझ्या बहिणीचंही आपणच फेडायचं म्हणे.' केवढे हसले सगळे! ड्वेननं माझ्या कॉफीचे पैसे दिले. ती कॉफी मी प्यायले, जोलीन.

आता बाबांचं ऐक. बाबा ट्रॅक्टरखाली गेले तेव्हा मी तेरा वर्षांची, तू सहा. त्यांच्या नावानं आपल्या दोघींना सरकारी चेक यायचा, आठवतं? आई त्याला 'बाबांचे पैसे' म्हणायची, आणि सरकारचे म्हटलं तर रागवायची. मी जे दोन वर्षं हिशेबाचं शिक्षण घेतलं, ते त्याच चेकवर. तेव्हा बाप गेलेल्या पोराला कॉलेजात असेपर्यंत तो मिळायचा. तुझी वेळ येईपर्यंत वॉशिंग्टनमध्ये कोणीतरी ते कलम काढून टाकलं. तू अठरा वर्षांची झालीस आणि चेक बंद. मार्क तुझे माझ्यापेक्षा चांगले होते. तरी तू टर्क्या कापायला गेलीस आणि मी कचेरीत खुर्चीवर बसले. बाप एकच, मरण एकच. आणि मी जन्मभर छाती पुढे काढून सांगत आले, आम्ही कुणाचं काही घेतलं नाही. गेल्या महिन्यात आईचा तो बिस्किटांचा डबा आवरायला काढला तर त्यात माझ्या कॉलेजाचा एक कागद निघाला. मुलगी शिकते आहे, चेक चालू ठेवावा, असं कॉलेजाच्या कचेरीतल्या कोणा बाईनं लिहून दिलेलं. खाली तिची सही, तारीख वेळेतली. ती बाई मला ओळखतसुद्धा नव्हती.

तुझा कागद माझ्याकडे चार ऑक्टोबरला आला. तूच आणलास. वर वड्यांची बशी, खाली कागद. 'वेळ मिळेल तेव्हा कर गं, घाई नाही,' म्हणालीस. घाई होती, आणि ते तुलाही माहीत होतं, मलाही. पण आपल्यात घाई आहे असं म्हणत नाहीत. त्या सह्यांचा अधिकार सुपरिंटेंडेंट साहेबांनी मलाच दिलेला. तुझ्यासारखेच आणखी तिघांचे कागद आले होते, तिघंही बाहेरून आलेली तरुण पोरं. त्यांना कुठली आपली रीतभात! रोज दारात. 'मार्लिस, झालं का? मार्लिस, आज टाकाल ना?' एकीनं तर पाकिटावर तिकीट लावूनच आणलं. मी मनात म्हटलं, काय बाई निर्लज्ज, आणि कपाळाला आठ्या घालून सह्या केल्या. तिघांचंही माफ झालं. त्यांचं माफ होऊ नये असं मला वाटलं नाही, कारण ती माझी कोणी नव्हती. तुझा कागद मी ड्रॉवरमध्ये टाकला.

विसरले नव्हते. स्टेपलर त्याच ड्रॉवरमध्ये असायचा, दिवसातून दहादा उघडायचे. प्रत्येक वेळी तुझं ते गोल गोल अक्षर दिसायचं. मी वाट बघत होते. तू येऊन एकदा विचारशील, 'मार्लिस, झालं का गं ते?' एवढंच. म्हणजे तू मागितलंस आणि मी दिलं, असं होईल. म्हणजे आमच्या नऊ वर्षांचं कोणीतरी काहीतरी मानलं, असं मला वाटेल. काय क्षुद्र बाई आहे बघ तुझी बहीण! तू आली नाहीस. दर रविवारी चर्चमध्ये भेटलो, बर्फ यंदा लवकर पडणार का यावर बोललो, आणि तू त्या कागदाचं नाव काढलं नाहीस. सख्ख्या बहिणीला दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे तिच्यावर संशय घेणं, असं तुला वाटलं असणार. ऑक्टोबर संपला. दहा नोव्हेंबरला मी सही केली आणि कागद पाठवला. आणि तारीख? तारीख खरी घातली! खोटी तारीख घालणं म्हणे मला पटेना. एवढी मी नीतीची! थू माझ्या नीतीवर.

मागच्या वसंतात तुला छातीत गाठ लागली. विम्यात पहिले चार हजार आपल्या खिशातून भरायचे, म्हणून तू सात महिने दवाखान्याचं नाव काढलं नाहीस. नंतर गाडीत मला म्हणालीस, 'हप्ता थोडाच थांबतो? म्हटलं, आधी जरा साठवू.' डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर बरं झालं असतं. पुढं ते काय बोलले मला माहीत नाही. मी तुझा कोट हातात धरून उभी होते आणि माझ्या कानात नुसता तो ड्रॉवर उघडत होता, बंद होत होता. त्या सात महिन्यांचं काय करायचं ते मला समजत नाही. आणि शनिवारी, सगळे उठत असताना, तू सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात पडलीस. 'तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं?' आजूबाजूला लोक डोळे पुसत होते. ड्वेननं आपला फोटो काढला, तो आता चर्चच्या फळ्यावर लागणार म्हणे. एव्हिसला आणि ड्वेनला मी इतका वेळ शिव्या घातल्या, त्या पोट भरून घातल्या आणि परत घेत नाही. पण त्यांनी वाईट बोलण्यापलीकडे तुझं काही वाईट केलेलं नाही. केलं ते मी.

आता हे आज का लिहितेय ते. जानेवारीत तुला सरकारचं पत्र आलं. उशीर शाळेच्या कचेरीकडून झाला असेल आणि कचेरीनं तसं लिहून दिलं, तर जुना कागद पुन्हा तपासू, शेवटची तारीख पंधरा मार्च. तू ते मला दाखवलंस. 'कचेरीत कोणाकडून राहून गेलं असेल का गं?' आणि माझं तोंड बघून लगेच घडी घातलीस, 'जाऊ दे, कशाला कोणाला अडचणीत आणायचं.' एकदा विचारलंस. दुसऱ्यांदा तू मरेपर्यंत विचारणार नाहीस. तर सोबत ते निवेदन आहे. चार ओळींचं. कागद चार ऑक्टोबरला माझ्या हातात आला, मी तो जाणूनबुजून ठेवून घेतला, अर्जदाराची काही चूक नाही. नोटरीसमोर सही केलीय. एक प्रत शुक्रवारी साहेबांच्या टेबलावर ठेवली. ते चष्मा पुसत म्हणाले, घरी जा, कळवतो. पेन्शनचं काय व्हायचं ते होवो. लिरॉयला अजून सांगितलेलं नाही, तो परत आला की सांगेन. साहेबांना आधी सांगून टाकलं ते मुद्दाम, तुला मला वाचवायला जागा राहू नये म्हणून. पण मी तुला ओळखते. पिवळी चिठ्ठी लावलीय तिथं तुझी सही लागते, तिच्याशिवाय तो कागद रद्दी आहे. तू वाचशील, रडशील, म्हणशील, म्हातारपणी मार्लिसची गावभर शोभा कशाला, आणि टाकशील तो तुझ्याही एखाद्या ड्रॉवरमध्ये. मला माफ कर असं मी म्हणत नाही, तुझ्या दारात येऊ का असंही विचारत नाही. मागते ती एकच गोष्ट. जोलीन, सही कर आणि पाठव. आईनं आपल्याला शिकवलं होतं ते मी आज मोडतेय. दुसऱ्यांदा विचारते, पाठवशील ना गं?

तुझीच,
मार्लिस